आम्ही की आपण

“आपण बुडतो आहोत,” तिमारू बेटाचे प्रतिनिधी सालोम म्हणाले. नऊ देशांच्या संयुक्त दूतावासात प्रत्येकाच्या कानातल्या दुभाष्या यंत्राने ते ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकवलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. असली वाक्यं प्रत्येक बैठकीत ऐकू यायचीच. अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले: दूतसेवेतल्या सुधारणा.

सालोम मात्र खाली बसेनात. बचावकार्याच्या प्रमुख मृण्मयी दाबके यांनी कानातलं यंत्र काढलं. यंत्रं यायच्या आधी, नोकरीच्या सुरुवातीला, त्या तिमारूची भाषा शिकल्या होत्या. त्यांनी सालोमना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि त्या ताडकन उठल्या.

“अहो, ते ‘आपण’ म्हणत नाहीयेत, ‘आम्ही’ म्हणतायत! त्यांच्या घरांत पाणी शिरलंय!”

“यंत्राच्या लेखी दोन्ही एकच,” अध्यक्ष म्हणाले. “मसुद्यात दुरुस्ती सुचवा.”

“मसुदा राहू दे. पहिली सुधारणा आत्ता. काढा ती यंत्रं!”

त्यांनी बंदरावर फोन करून नऊही देशांची जहाजं सोडायला सांगितली. मग सालोमकडे वळून, त्यांच्याच भाषेत, नेमका शब्द आठवून त्या म्हणाल्या, “चला. आपण निघतोय.”