कपाटाने ऐकलेलं

चौकशी समितीपुढे प्रयोगशाळेतलं जुनं लोखंडी कपाट आणून ठेवलं, तेव्हा डॉ. मुजुमदार शालिनी गावंडेच्या कानाशी वाकले.

"यात काही सापडायचं नाही, बाई. गेल्याच महिन्यात मी त्याला दोन हात रंग मारून घेतलाय."

शालिनीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लोखंडाचे अणू इवल्या चुंबकांसारखे असतात आणि जवळच्या बोलण्याच्या थरथरीने त्यांच्या रांगा कायमच्या वळतात, हा शोध मुजुमदारांच्या नावावर होता. त्याच्याच जोरावर आता कोर्टात खिडक्यांच्या गजांची साक्ष निघत असे. तो शोध आपला आहे, असं त्यांची ही जुनी विद्यार्थिनी अठ्ठावीस वर्षं सांगत होती आणि लोक तिला वेडी म्हणत होते.

तंत्रज्ञाने कपाटावरून वाचक-यंत्र फिरवलं. खरखरीतून तरुण शालिनीचा आवाज आला, "सर, रांगा वळताहेत. दर वेळी तशाच." पाठोपाठ मुजुमदारांचा आला, "मूर्खपणा आहे हा. असलं काही लिहून माझं नाव घालवू नकोस."

अध्यक्षांनी समोरच्या कागदावरचं मुजुमदारांचं नाव खोडलं आणि तिथे शालिनीचं लिहिलं.

"पण रंग दिला होता..." मुजुमदार पुटपुटले.

"रंगाने काय होतंय?" शालिनी म्हणाली. "भट्टीत लालबुंद तापवलं असतंत, तर रांगा विस्कटून सगळं पुसलं गेलं असतं. तुम्ही स्वतःच्या नावाने छापलेल्या प्रबंधात दुसऱ्याच पानावर आहे ते. चोरलात तर चोरलात, सर, निदान वाचायचा तरी!"