दुकान वेगळं, मालक वेगळा

फिजीतल्या सुवा शहरातल्या कॉलेजात हिशेबाच्या पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "इथून काय शिकून जायचंय?"

"नाही म्हणायला," लोसालिनी म्हणाली. नातलगाने 'केरेकेरे' म्हणून मागितलं की द्यायचंच, या रितीपायी तिचं गावातलं दुकान दोनदा बुडालं होतं.

"मग पहिला धडा ऐका. दुकान वेगळं, मालक वेगळा. साखर तुमची नाही, दुकानाची."

सुट्टीत गावी जाऊन तिने दुकान पुन्हा उघडलं. चुलतभाऊ साखर मागायला आला.

"साखर माझी नाही रे, दुकानाची आहे."

"असं होय, ताई." तो फळ्यांसमोर मांडी घालून बसला आणि अदबीने दुकानालाच म्हणाला, "केरेकेरे."

लोसालिनीने जरा वाट पाहिली, मग पुडी बांधायला घेतली. दुकानालाही नाही म्हणता आलं नाही.