गच्चीवरची अंबाडी

मंदाकिनीनं ओलं गोणपाट दोरीवर ताणलं आणि त्याच्या सावलीत सातही कुंड्या सरकवल्या. बाहत्तर सालचा वैशाख, बागबाजारची उघडी गच्ची आणि वीतभर रोपं. नऊ वाजायच्या आतच त्यांनी माना टाकल्या होत्या. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ही मेली तर दुसरं बी आणायचं कुठून?

रोपं गांजाची होती. गल्लीतले वैद्य शरच्चंद्र कविराज म्हणाले होते, याचा पाला दुधात वाटून दिला तर पोटातल्या गाठीच्या कळा सोसवतील, झोप लागेल. ते ऐकून खाटेवरच्या तिच्या नवऱ्यानं, दिगंबररावांनी, भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. फिरवणारच! उभी हयात खिदिरपूरच्या गोदीवर कस्टमचा अधिकारी म्हणून झडत्या घेऊन गांजा पकडलेला माणूस तो. पण आठ दिवसांनी कविराजांनी गुपचूप मंदाकिनीच्या हातावर बियांची पुडी ठेवली, आणि रात्रभर नवऱ्याचं कण्हणं ऐकून आलेल्या त्या बाईनं ती मुकाट घेतली. गांजा विकणाऱ्या सरकारी परवान्याच्या दुकानात जायची सोयच नव्हती. साहेबांची बायको गांजा घेते, ही बातमी संध्याकाळपर्यंत गोदीवर पोचली असती.

नवऱ्याला तिनं सांगितलं, वर अंबाडी लावलीय. पान थेट तसंच दिसतं, आणि वर्ध्याच्या माणसाला अंबाडी म्हटलं की पुढं काही समजवावं लागत नाही. रोपं सुकताहेत म्हटल्यावर तर खाटेवरून तेच सल्ले देऊ लागले. भर दुपारी पाणी घालू नकोस, मुळं शिजतील, पहाटे घाल. कुंड्यांना बाहेरून चुना फास. तापल्या फरशीवर नको, विटांवर ठेव. ती तसं तसं करी आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घाली. मरणाच्या दारातल्या माणसाला फसवतेय मेली!

त्या दुपारी विनायक आला. दिगंबररावांच्या हाताखाली तयार झालेला, आता त्यांच्याच खुर्चीवर बसणारा. साहेबांसमोर सिगारेट कशी ओढायची, म्हणून तो तडक गच्चीवर गेला. मंदाकिनीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. गोदीवरच्या माणसाला ते पान ओळखायला कितीसा वेळ लागणार? नवऱ्याची पेन्शन, अब्रू, सगळं जाणार होतं. आणि तो पालाही.

विनायक खाली आला, खाटेजवळ स्टुलावर बसला, अर्धा कप चहा प्याला. मग म्हणाला, "साहेब, रोपं पाहिली. एवढ्या उन्हात वहिनींनी एकही मरू दिलं नाही."

"अंबाडीच ती," मंदाकिनी घाईनं म्हणाली. "चिवट असते."

विनायकनं साहेबांकडे पाहिलं.

"कविराजांकडे ते बी मीच पोचतं करायला लावलं याला, मंदा," ते म्हणाले. "तुझ्याजवळ तोंडानं मागवेना."