कंपनीची जीभ

विद्याने ताजा मसाला भाकरीच्या तुकड्यावर घेऊन तोंडात टाकला आणि ती मोरीकडे धावली. मेलेल्या उंदराचा वास जणू जिभेवर पसरला होता.

"वहिनी, मसाला नासला की काय?" दीर संपतरावांनी विचारलं.

"सकाळीच कुटलाय, नासेल कसा? ही जीभच नासलीय."

तापात विद्याची चव गेली, तेव्हा नवी जीभ बसवावी लागली. घरच्या मसाल्याची पारख तिच्याशिवाय कोणाला नव्हती. तिला खुली जीभ हवी होती, जिच्यातला प्रोग्राम कोणालाही उघडून दुरुस्त करता येतो. संपतराव म्हणाले होते, "बिघडली तर कोणाच्या दारात जायचं? कंपनीची घेऊ, डोक्याला ताप नको."

आता त्यांनीच कंपनीला फोन लावला.

"बिघाड नाही सर," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "रात्री जीभ अपडेट झालीय. आता आमचाही मसाला बाजारात आलाय ना, त्यामुळे बाकीचे जरा वेगळे लागतील."

"मग पहिल्यासारखी करून द्या!"

"जिभेच्या प्रोग्रामला कुलूप आहे, ते इथून उघडत नाही, सर. मॅडमसाठी आमचं पाकीट पाठवलंय, चाखून बघा."

पाकीट दुपारी आलं. विद्याने ते उकिरड्यावर फेकायला उचललं, तर कोपरा फाटून चिमूटभर मसाला बोटाला लागला. तिने बोट तोंडात घातलं.

"कसा आहे?" संपतरावांनी दबकत विचारलं.

विद्या पाकीट उलटं करून आतून चाटत होती. तिला स्वतःचीच किळस येत होती आणि तोंडाला पाणी सुटत होतं.