गावातली म्हातारी

बोरीवलीच्या घरात गंधाली मित्रांना गोष्टीचा खेळ खेळवत होती. प्रसंग ती मांडायची, पुढचं खेळणारे ठरवायचे. त्यातल्या गावच्या खाष्ट म्हातारीचे संवाद ती आजीच्या आवाजात म्हणायची, अगदी हुबेहूब.

"माझीच नक्कल करतेस गं भवाने!" शेवंतीआजी ओट्यापाशी फणकारली, पण मनातून सुखावली.

गंधाली पाणी प्यायला आत आली. बाहेर खेळातली म्हातारी त्याच आवाजात बोलतच राहिली.

आजीने नळ बंद करून कान दिला.

"काय गं म्हातारे," बाहेर निहारने हसत विचारलं, "मघाशी चहाला सगळ्यांना काचेचे कप, मग मला एकट्यालाच कागदी का?"

गंधालीने आजीकडे पाहिलं. आजीची मान खाली गेली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बाहेर तिचाच आवाज खाकरला.

"आडनाव ऐकलं ना मी तुझं."