दादाचं कार्ड

"क्रेडिट कार्ड नसेल तर गाडी भाड्याने देता येत नाही, मॅडम," काउंटरवरचा माणूस म्हणाला. आईची किमो अकराला होती, म्हणून मी दादाला फोन केला. तो दहा मिनिटांत आला आणि त्याने स्वतःचं कार्ड पुढे केलं. "मोठी गाडी द्या, आईला आडवं होता आलं पाहिजे."

"असा भाऊ नशिबाने मिळतो," काउंटरवरचा म्हणाला.

किल्ली माझ्या हातात देताना दादा पुटपुटला, "मागच्या खेपेला माझ्या गाडीत तिला उलटी झाली. सीटचा वास अजून गेला नाहीये."

बाहेर बाकावर बसलेली आई दादाची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

"या वेळी मी पिशव्या आणल्या होत्या गं," ती म्हणाली. "त्याला सांगितलंस का?"