पातळ कागद

माझ्या नवऱ्याच्या, राजनच्या गोऱ्या साहेबाला शिकारीचा नाद. त्याच्या लिव्हर ओढून भरायच्या रायफलसाठी राजन आखातातल्या आमच्या उम्म अल हस्समच्या घरी, किचनमध्ये शिसं वितळवून गोळ्या ओतायचा. माझं आमटीचं पातेलं त्यात गेलं, तर मी दुसरं आणलं. आज तो गोळ्यांना ओला कागद गुंडाळत होता, शिसं बंदुकीच्या नळीला चिकटू नये म्हणून. त्या कागदावर बाराखडी दिसली आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या बाबांनी आमच्या लेकीसाठी, जुईसाठी पुण्याहून पाठवलेली, एअरमेलच्या कागदावर स्वतः लिहून.

"लाज नाही वाटत तुला?"

"असा पातळ, चिवट कागद इथे मिळतो कुठे? साहेब खूश झाला तर व्हिसाचं काम होईल. आणि जुई ते वाचते थोडीच! मराठीत बोलते तरी का ती?"

आमचा आवाज ऐकून जुई आली. तिने एक गोळी उचलली आणि वरचा ओला कागद सोलायला लागली.

"नो बेबी, डोन्ट टच!" राजन ओरडला.

मी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी माझी पोर बापाकडे रोखून बघत, अगदी माझ्याच सुरात म्हणाली, "लाज नाही वाटत तुला?"